उतरणीचे ठोके

मंचावर कानात मॉनिटर घालून वाजवणाऱ्या माणसाला समोरचे लोक ऐकू येत नाहीत. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात, पण खरंच तसं आहे. कानात आपलं वाद्य, गायिकेचा आवाज आणि या सगळ्याच्या खाली ती क्लिक, टक टक टक टक, सगळ्या वादकांना एका लयीत बांधून ठेवणारी. पुढे हजारो लोक गळा फाडून ओरडत असतात आणि आपण बंद खोलीत बसल्यासारखे शांत. पंधरा वर्षं लग्नाच्या मांडवात कर्ण्यांसमोर उभं राहून माझा उजवा कान निम्मा गेलेला, त्यामुळे ही शांतता मला चैन वाटायची. त्या दिवशी तिच्यामुळेच मला सगळं उशिरा कळलं. 

मी भैरू पाचंगे. आम्ही बार्शीकडचे गोंधळी. देवीचा गोंधळ घालणं आणि संबळ वाजवणं घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. संबळ म्हणजे कमरेला बांधायची दोन छोट्या नगाऱ्यांची जोडी, काठ्यांनी वाजवायची. गोंधळात संबळाची लय चढत गेली की एखाद्या बाईच्या, एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगात येतं, ती माणसं घुमायला लागतात. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आठव्या वर्षी सांगितलं होतं की अंगात आणणं कुणालाही जमतं, त्या माणसाला परत जमिनीवर आणून ठेवतो तो गोंधळी. त्यासाठी आमच्या घरात एक बाज आहे, त्याला आम्ही उतरण म्हणतो. वाजवणारा घुमणाऱ्याच्या पावलांकडे बघतो, आधी त्या पावलांना गाठतो, मग केसभर मागे राहतो, मग आणखी केसभर. मध्येच थांबायचं नाही. आणि देवीसमोर धान्याचा चौक मांडलेला नसेल, तर उतरण वाजवायचीच नाही, रियाजालासुद्धा नाही. मीही ती आण्णांच्या शेजारी उभं राहून, बघून बघून शिकलो.

चार वर्षांपासून मी पुण्याच्या ‘आरोळी’ नावाच्या बँडमध्ये आहे. गिटार, ड्रम, की-बोर्ड, एक गायिका आणि मधोमध मी. आमचा साउंड गार्गी सामंत बघते. एकतिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात जेवढं आहे, तेवढं माझ्या अख्ख्या भावकीच्या डोक्यात मिळून नसेल. ‘ठोका’ ही यंत्रणा तिचीच.

“भैरूदादा, हात द्या,” एक दिवस तालमीच्या खोलीत ती म्हणाली आणि माझ्या मनगटावर रबरी पट्टा चढवला. “हा तुमची नाडी मोजतो.”

“ते तर माझ्या घड्याळातही होतं.”

“घड्याळ नुसतं ऐकतं. हा बोलतो.”

तिने मला समजावलं ते असं. लय चढली की माणसाचा श्वास चढतो आणि श्वासामागून हृदयाचे ठोके चढतात. हे आपोआप होतं, पण फार थोडं होतं. पट्टा त्याला हातभार लावायचा. हृदयाचा पुढचा ठोका पडायच्या किंचित आधी तो मनगटाच्या नसेला विजेची अगदी बारीक टिचकी मारायचा, मुंगी चालल्याएवढी. हृदयाला वाटायचं आपल्याला उशीर झाला, आणि ते पुढचा ठोका लवकर द्यायचं. समोरच्या सगळ्या पट्ट्यांची सरासरी नाडी मंचावर यायची आणि आमची क्लिक तिच्या जराशी पुढे धावायची. क्लिकमागून आम्ही, आमच्यामागून लोक, लोकांमागून पुन्हा क्लिक.

“म्हणजे माइक कर्ण्यापुढे धरल्यासारखं,” मी म्हणालो. माइकचा आवाज कर्ण्यात, कर्ण्यातला पुन्हा माइकात, आणि बघता बघता कानठळ्या बसवणारी शिट्टी. सगळ्या वादकांनी ती ऐकलेली असते.

“अगदी तसंच. फक्त शिट्टी व्हायच्या आधी मी फेडर खाली ओढणार,” आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर बोट ठेवत गार्गी म्हणाली.

चढायचं कसं हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते मी शिकवलं. संबळाच्या कातड्याखाली सेन्सर चिकटवून तीन महिने स्टुडिओत वाजवत होतो. गोंधळातली चढण कशी बांधायची, कुठे लोकांना जरा सोडायचं, कुठे पुन्हा धरायचं, सगळं दिलं. शेवटी गार्गीने विचारलं, “आणि यानंतर? खाली येताना काय वाजवता?”

“काही नाही. थांबतो,” मी म्हणालो.

खोटं बोललो. एसीच्या खोलीत, पायात बूट घालून, देवी नाही, चौक नाही, अशी उतरण वाजवायची माझी हिंमत झाली नाही. थोडी देवीची भीती आणि थोडं हेही, की काहीतरी आपल्या घरात राहू द्यावं. ते यंत्र चढायला शिकलं आणि उतरायला शिकलं नाही, ते माझ्या त्या तीन शब्दांमुळे.

पहिला मोठा कार्यक्रम नगरला झाला, दोन हजार लोकांचा. लय टिपेला पोचली, गार्गीने फेडर खाली ओढला, मैदानात क्षणभर चिडीचूप, आणि मग असा जल्लोष झाला की आमचा ड्रमर रडला. पण पुढच्या रांगेतली एक मुलगी खाली पडली होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती कुठेच बघत नव्हती. थोड्या वेळाने उठून बसली, पाणी प्यायली. आयोजक म्हणाले, ऊन लागलं. ऊन कसलं, सूर्य मावळला होता.

गाडीत गार्गी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “दादा, मी तिच्या पट्ट्याची नोंद बघितली. आवाज बंद केल्यावर चार सेकंद तिला नाडीच नव्हती.”

“म्हणजे?”

“हृदयात एक गाठ असते, ती ठोका देते. तिला बाहेरून जोरात पळवलं आणि एकदम सोडलं, तर काही क्षण ती स्वतःचा ठोका द्यायलाच विसरते. तरुण माणसाला चक्कर येते, इतकंच.”

“आणि म्हाताऱ्याला?”

तिने ती नोंद पुन्हा पहिल्यापासून उघडली. पुढच्या वेळी क्लिक मिनिटाला एकशेचाळीस ठोक्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं. खरं तर तिथेच बंद करायला हवं होतं. केलं नाही. पुढचा कार्यक्रम बार्शीला होता, माझ्या माणसांसमोर, एका दूध संघाच्या सुवर्णमहोत्सवाचा, आणि तो मंच मला हवा होता.

बार्शीबाहेरच्या मैदानावर संध्याकाळी पाचला नऊ हजार माणसं जमली. गेटवर प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा चढवत होते. आण्णा दुपारपासूनच येऊन मंचामागे मुक्काम ठोकून बसले होते. वय एकाहत्तर, दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. आमच्या वायरलेसच्या पेट्या, केबलींची भेंडोळी, माझ्या संबळाखालचे सेन्सर, सगळं हात लावून बघितलं त्यांनी. यंत्राचं त्यांना भारी वेड. जुना रेडिओ खोलून पुन्हा जोडायचा हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद, आणि दर वेळी दोन स्क्रू उरायचेच.

त्यांच्या मनगटावर पट्टा दिसला तसा मी तो काढून घेतला.

“आरं, समद्यांच्या हातात हाय, माझ्याच हातात नगं? मी काय भिंतीवरनं उडी मारून आलुय व्हय?”

“आण्णा, तुमच्या छातीला झेपायचं न्हाई.”

“बरं बाबा. तू मोठा कलाकार,” ते म्हणाले आणि गुमान गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आण्णा एवढ्या लवकर कधी ऐकत नाहीत.

कार्यक्रमाआधी दूध संघाचे एक संचालक गार्गीकडे आले. “मॅडम, आमच्याकडची माणसं खुर्चीला चिकटून बसतात. जरा जोर लावा, उठली पाहिजेत.” ते गेल्यावर गार्गीने माझ्याकडे बघितलं. मी नजर टाळली. तिने मर्यादा एकशेचाळीसवरून एकशेसत्तर केली.

तिसऱ्या गाण्याला मी चढण धरली. एकशेदहा, एकशेवीस. हात छान मोकळे झाले. एकशेपन्नासला मला वाटलं की हात आपोआप चाललेत, मी फक्त बघतोय. एवढं सोपं कधी जात नाही. मी मान वर केली. नऊ हजार माणसं उभी होती आणि एकाच्याही हातात मोबाइल वर धरलेला नव्हता. आजच्या काळात असं दृश्य मी पाहिलेलं नाही. सगळ्यांचे खांदे एकदम वर जात होते आणि एकदम खाली येत होते.

मी डाव्या कानातलं मॉनिटर ओढून काढलं.

कुणी ओरडत नव्हतं. कुणी गात नव्हतं. हुं. हुं. हुं. नऊ हजार माणसं एका श्वासात घुमत होती. तो आवाज मी जन्मापासून ओळखतो, पण एका माणसाचा, फार तर तिघांचा. इतक्यांचा कधीच ऐकला नव्हता. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि मग मला मंचापुढच्या कठड्यालगत आण्णा दिसले. चपला बाजूला काढलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर गेलेलं, अनवाणी पाय जमिनीवर आदळताहेत, डोळे वर फिरलेले. मनगटावर पट्टा. गेटवर जाऊन दुसरा घेतला होता.

उजव्या कानात गार्गीचा आवाज आला. “दादा, एकशेबासष्ट. मी थोडं खाली घेऊन बघते.”

क्लिक जराशी मंदावली. मैदानाच्या मागच्या टोकाला चाळीस-पन्नास माणसं उभ्या उभ्या खाली पडली. शेजारच्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही, त्यांचे पाय पडलेल्यांच्या अंगावरच आपटत राहिले. गार्गीने घाबरून लय पुन्हा वर नेली. “बंद करता येत नाही, चालू ठेवता येत नाही. हे आणखी चढतंच जाणार, त्याला थांबणं माहीतच नाही. काय करू? दादा, काय करू मी?” ती रडत होती.

तिच्याशी बोलायला माझ्यासमोर एक छोटा माइक होता. “पट्टे क्लिकवरून काढ. माझ्या संबळावर टाक. मी उतरवतो.”

“तुम्ही तर म्हणाला होता...”

“खोटं बोललो होतो. टाक.”

मी डाव्या कानात मॉनिटर पुन्हा घातलं आणि बाकीच्या वादकांना हाताने थांबवलं. क्लिक गेली. आता नऊ हजार हृदयांना टिचक्या मारत होत्या त्या माझ्या दोन काठ्या. एक काठी हातातून सुटली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही. उतरण एका माणसाच्या पावलांकडे बघून वाजवतात. मी आण्णांची पावलं धरली. त्या मैदानात सगळ्यात कमकुवत छाती त्यांचीच असणार होती, आणि त्यांना जी उतरण झेपेल ती सगळ्यांना झेपेल, असा मी हिशेब केला. तो चुकला तर काय, हे विचारायला कुणी नव्हतं. आधी त्यांना गाठायला मला आणखी वर जावं लागलं, एकशेपासष्टपर्यंत. मग केसभर मागे.

लोक आले. माझ्यामागून केसभर मागे आले. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला होता.

एकशेचाळीसवर आण्णांचे गुडघे मुडपले. ते कठड्याला धरून खाली बसले आणि आडवे झाले. दोन स्वयंसेवकांनी त्यांना उचलून मंचाच्या बाजूच्या मांडवात नेलं. माझ्यापासून वीस पावलांवर. मी वाजवत राहिलो. माझा बाप तिथे पडला होता आणि मी वाजवत राहिलो, कारण समोर दुसऱ्यांचे बाप उभे होते.

“गार्गी, आण्णांचा पट्टा माझ्या कानात दे.”

डाव्या कानात धप धप सुरू झालं. पावलं गेली, पण नाडी मिळाली. तिलाच धरून मी अकरा मिनिटं खाली येत राहिलो. एकशेवीसला लोकांचे डोळे उघडले. शंभरला ते आजूबाजूला बघायला लागले, खाली पडलेल्यांना उठवायला लागले, नव्वदला बरेचसे जमिनीवर बसले, काही रडले, काहींनी पाणी मागितलं. गार्गीने एकेक रांग करत पट्टे बंद केले. मैदानात पडलेले सगळे उठले होते. एकाचा हात मोडला होता, एका बाईच्या बरगड्यांना मुका मार लागला होता.

“सगळे बंद झाले,” ती म्हणाली. “एक सोडून. आण्णांचा बंद करून बघितला, दादा. मागे ठोका आलाच नाही. लगेच परत चालू केला.”

पुढचं सगळं मला संबळ वाजवतानाच आठवतं. संबळ वाजवत मंचाच्या पायऱ्या उतरलो, वाजवत मांडवात गेलो, वाजवतच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढलो. बाकड्यावर बसून संबळ गुडघ्यांत धरलं. गार्गी खाली फरशीवर लॅपटॉप आणि वायरलेसची पेटी घेऊन बसली. तिच्या यंत्रणेला नव्वदच्या खालची क्लिक देताच येत नव्हती; नाचाच्या कार्यक्रमात तेवढी कुणाला लागणार होती? तिने माझंच वाजवणं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा लावून बघितलं, पण दोन मिनिटांत आण्णांची नाडी त्याच्यावरून घसरली. मी त्यांच्या ठोक्याला ऐकून माझा ठोका देत होतो. रेकॉर्डिंग कुणाचंच ऐकत नाही.

शहरातलं इस्पितळ पंचवीस मिनिटांवर होतं. मी सहासष्टवर लय धरून होतो. रस्त्यावर गतिरोधक आला की माझा हात हुकायचा, आणि कानात आण्णांचा ठोकाही हुकायचा. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. मनगटात पेटके येत होते, आणि मी ड्रायव्हरला शिव्याही देऊ शकत नव्हतो, कारण शिवी देताना हात जोरात पडला असता.

“दादा,” गार्गी हळूच म्हणाली, “हे सगळं यंत्रात नोंदलं जातंय. उतरणसुद्धा. नोंद बंद केली तर पट्टाही बंद होतो.”

“नोंदू दे,” मी म्हणालो. आता ते यंत्र उतरायलाही शिकत होतं, आणि खाली कुठवर जायचं हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर फार वाटलं.

आण्णांनी डोळे उघडले. “कुणाच्या अंगात आलंय रं?”

“तुमच्याच.”

“चौक मांडलाय?”

“न्हाई, आण्णा.”

त्यांनी नजर माझ्या काठ्यांकडे वळवली. “ग्वाड वाजतंय पर,” म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

इस्पितळात डॉक्टर नलवडे म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, कडक. आत शिरताच त्या माझ्यावर खेकसल्या, “हे काय चाललंय? बंद करा ते!” गार्गीने चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा पट्ट्याकडे बघितलं. आण्णांच्या छातीवर तारा चिकटवल्या, दोन इंजेक्शनं दिली, विजेचा धक्का देणारं यंत्र उशाशी आणून ठेवलं. दहा मिनिटं हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

“आता थांबा,” त्या म्हणाल्या.

“न्हाई.”

“ऐका माझं. औषध लागू पडलं असेल तर त्यांचं हृदय आता स्वतः चालत असेल. नसेल तर अजून तुम्हीच चालवताय. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतंय. तुम्ही थांबल्याशिवाय मला कळणार नाही.”

“आणि नसलं चालत तर?”

“तर काय करायचं ते मी करीन. मी इथेच आहे. पण तुम्ही रात्रभर नाही वाजवू शकणार.”

ते मला कळत होतं. बोटांतून रक्त यायला लागलं होतं. पण हात थांबेनात. मी स्वतःला सांगत होतो, आता, या आवर्तनानंतर, या नंतरच्या आवर्तनानंतर, आणि दर वेळी काठी पुन्हा पडत होती. ज्या ठोक्याला मी थांबेन तो माझ्या बापाचा शेवटचा ठोका असेल, आणि तो मी दिलेला असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी लहान मुलासारखा हुंदके देत होतो, तेही लय सांभाळून.

आण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांच्यात हात उचलण्याचं त्राण नव्हतं. ओठ हलले.

“सोड मला.”

मी थांबलो.

कानात काहीच नव्हतं. एक सेकंद. दोन. नर्सने तोंडावर हात ठेवला. तीन. चार. गार्गी लॅपटॉपकडे बघत होती आणि तिची मान नाही म्हणत हलत होती. पाच. डॉक्टरबाईंनी धक्क्याच्या यंत्राकडे हात नेला.

धप.

मग मोठं खिंडार. मग दोन पाठोपाठ, एकमेकांवर आपटल्यासारखे. मग पुन्हा खिंडार, मग एक.

“हा त्यांचा आहे,” पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा त्यांचा स्वतःचा आहे.”

आण्णा आयुष्यात कधी मात्रेला चुकले नव्हते. हा ठोका कुठल्याच मात्रेत बसत नव्हता. अडखळत होता, मागे राहत होता, मध्येच घाईने पुढे येत होता, आणि मी त्याच्याइतकं गोड काही ऐकलेलं नाही. ऐकता ऐकता माझे हात संबळावर उचलले गेले, त्याला साथ करायला, जरा सावरून घ्यायला. मी दोन्ही काठ्या दाराबाहेर भिरकावल्या आणि हात काखेत गच्च दाबून जमिनीवर बसून राहिलो.